रिकामं मिनिट

मी माझ्या भाडेकरूचा शर्ट मागून दोन्ही हातांनी धरला होता. माझ्या शेजारणीला पाठीवर घेऊन तो लोखंडी जिन्याने खाली आला होता. तिला गल्लीत बसवून तो पुन्हा जिन्याकडे वळला, कारण तिचा नवरा अजून वरच्या खोलीत होता. तिच्या आणि माझ्या घरामधली भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती आणि फटीतून माती पडायची थांबत नव्हती. शेजारीण नवऱ्याला हाका मारत होती. तो मला म्हणाला, "मावशी, सोड."

मी म्हटलं, "नाही सोडत."

तो सत्तावीस वर्षांचा, मी सत्तरीच्या पुढची. त्याने जोर लावला. शर्ट काखेत उसवला. मी सोडला नाही.

त्याच्याबद्दल विचारायला अजून मुलं येतात. अंधेरीची येतात, मुलुंड-बोरिवलीहून येतात, एकदा पुण्याहून दोघं आली. गळ्यात हेडफोन, पायात माझ्या डोक्याएवढे बूट. "आजी, तो इथेच राहायचा ना?" असं विचारतात आणि जिथे आता मोकळी जागा आहे तिथे उभं राहून फोटो काढतात. त्यांनी नेटवर त्याच्या पाच टेपांची यादी केली आहे. तो त्यांना टेप म्हणायचा. टेप कुठेच नव्हती, सगळं लॅपटॉपमध्ये. प्रत्येक टेपवर त्याने करणाऱ्याचं वेगळं नाव लावलं होतं आणि स्वतःचा फोटो एकावरही नव्हता. त्यामुळे पाच माणसं की एक, यावर ही मुलं दोन वर्षं भांडत होती. आता ती त्याच्याविषयी काहीही लिहितात. तो महिनोन्‌महिने बोलायचा नाही, अंधारात बसायचा, वगैरे. तसं काही नव्हतं. तो भरपूर बोलायचा आणि अंथरुणाची घडी घालायचा नाही.

मी चौथी शिकलेली बाई आहे. गाण्यातलं मला कळत नाही, मशीनमधलं कळतं. इथे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मी बावीस वर्षं पॉवर प्रेसवर पत्र्याची झाकणं कापली. डाय म्हणजे पत्रा कापायचा साचा, तो फुटायच्या आधी प्रेसचा आवाज बदलतो. ठोका पडतो आणि ठोक्याच्या मागून बारीक किर्र येतं. ते आलं की पेडलवरून पाय काढायचा. ज्या बायकांनी काढला नाही त्यांची बोटं गेली. माझी दहाही आहेत.

नवरा वारल्यावर आणि मुलगा बदलापूरला गेल्यावर मी खाली राहत होते आणि वरची खोली भाड्याने देत होते. खोली बघायला येणारा माणूस पाणी किती वाजता येतं ते विचारतो, संडास कुठे ते विचारतो. ह्याने काहीच विचारलं नाही. चारही कोपऱ्यांत जाऊन एकेक टाळी वाजवली. मग मधे उभं राहून एक वाजवली.

"काय करतोस रे?"

"खोली ऐकतोय."

"मग? काय म्हणते?"

"जास्त बोलते. पण गप्प करता येईल."

मला वाटलं डोक्याने कमी आहे. पण चप्पल बाहेर काढून आला होता आणि दारू पीत नाही म्हणाला. मी खोली दिली.

त्याने खोली गप्प केली ती अशी. अंडेवाल्याकडून पुठ्ठ्याचे ट्रे आणले, शंभराच्या वर असतील, आणि शेजारणीच्या बाजूच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत खिळ्यांनी ठोकले. त्यावर गोधड्या टांगल्या. तीन गोधड्या माझ्याच होत्या, मीच दिल्या. दोन दिवस ठोकाठोक चालली होती. शेजारीण पलीकडून भिंतीवर लाटणं आपटत होती. हे सगळं झाल्यावर त्या खोलीत बोललेला शब्द तोंडातून बाहेर पडून लगेच मरायचा. मला तिथे पाच मिनिटांच्या वर बसवत नसे.

तो घाटकोपरचा. वडील बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचे, गणपतीत त्यांना डोंगरावरच्या पूर्ण वस्तीत मागणी. मुलाने काहीतरी वाजवावं अशी त्यांची इच्छा. एकदा त्यांनी चार लोकांसमोर विचारलं, "तू नक्की कुठलं वाद्य वाजवतोस?" हा म्हणाला, "खोली." वडील चार महिने त्याच्याशी बोलले नाहीत. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्यात विनोद आहे असं त्याला वाटत नव्हतं. त्याने खरं उत्तर दिलं होतं.

त्याच्याकडे रॅप करणारी पोरं यायची. दारात त्याने स्टीलचा डबा ठेवला होता, माझाच, रव्याचा. आत येणाऱ्याने किल्ल्या, नाणी, अंगठ्या, गळ्यातल्या साखळ्या सगळं त्यात टाकायचं. मोजेही काढायचे. ही पोरं गल्लीतून येताना मोठी वाघासारखी यायची आणि जिन्यावर बसून मोजे काढताना शाळेतली वाटायची. एकाने साखळी काढायला नकार दिला. "भाई, ये मेरा स्टाईल है." हा म्हणाला, "मग साखळीला पाठव, तू खाली थांब."

त्याचं आणखी एक होतं. काम चांगलं झालं की तो "राहू दे" म्हणायचा. वाईट झालं की "छान आहे" म्हणायचा. नवीन पोराला हे माहीत नसायचं. एकजण "छान आहे" ऐकून इतका खूश झाला की खाली येऊन माझ्या पाया पडला. मी त्याला काही सांगितलं नाही.

एक मुलगा मोटारसायकलवर गाणं लिहून आला होता. अशी गाडी, तसा आवाज, पोलीस मागे. मी चहा घेऊन वर गेले होते म्हणून मला माहीत आहे. ह्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज कशाने आलास?"

"रिक्षाने."

"शेअर रिक्षा?"

"हो."

"मधे बसलास की कडेला?"

"मधे."

"मग ते बोल ना यार. मधे बसलेला माणूस काय काय बघतो ते बोल."

मुलगा रुसून गेला आणि तीन दिवसांनी परत आला. ते गाणं पहिल्या टेपमध्ये आहे आणि मुलं सांगतात की ते फार चाललं.

आता रिकामं मिनिट. कोणीही माईकसमोर उभं राहण्याआधी तो एक मिनिट रिकामी खोली रेकॉर्ड करायचा. पंखा बंद, फोन बंद. खिडकीतून खाली वाकून मला सांगायचा, "मावशी, फ्रिज." मग मी माझा फ्रिज बंद करायचे आणि मिनिट झालं की तो वरून पाय आपटायचा. दोनदा पाय आपटायला विसरला आणि माझं दूध नासलं. हे मिनिट सगळेच घेतात म्हणे, खोलीचा आवाज काय आहे ते कळावं आणि गाण्यातून काढून टाकता यावा म्हणून. हा काढायचा नाही. उलट प्रत्येक टेपच्या सुरुवातीला ते मिनिट तसंच लावायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं फोन बिघडला. लोक शिव्या द्यायचे. मी म्हटलं, "कशाला लोकांचा वेळ खातोस?"

तो म्हणाला, "पाहुण्याला आधी घर दाखवतेस की नाही? मग जेवायला बसवतेस. तसंच आहे."

ह्याच मिनिटावरून त्या मुलांनी ओळखलं की पाच नावांचा माणूस एक आहे.

टेपा मी सगळ्या ऐकल्या आहेत, म्हणून सांगते. पहिली 'पावणेसहाचं पाणी'. त्यात आमच्या गल्लीत पाणी येतं त्याचा आवाज आहे, निळी पिंपं, मोटारी, बायकांची भांडणं. मी म्हटलं हे मी रोज ऐकते. तो म्हणाला, "ऐकत नाहीस, उठतेस."

दुसरी 'गाळा'. ह्या टेपसाठी मी त्याला माझ्या जुन्या गाळ्यात नेलं. मिस्त्री ओळखीचा होता. प्रेस दुसरी बाई चालवत होती, ते ह्याला पसंत पडेना. मला म्हणाला, "तू चालव. तुझा हात जसा चालायचा तसा." बारा वर्षांनी मी त्या स्टुलावर बसले आणि दहा मिनिटं प्रेस चालवली. चारशेच्या आसपास झाकणं निघाली असतील. मिस्त्रीने एकही खराब काढलं नाही. त्या टेपमधला ठोका माझ्या हाताचा आहे. मुलांना सांगितलं की ती हसतात. हसू देत.

तिसरी 'काकी'. काकी म्हणजे माझी शेजारीण. मी घाटावरची, ती मालवणची, आणि चाळीस वर्षं आमची एक भिंत. तिच्या पत्र्यावर कावळे बसायचे आणि ती त्यांना शिव्या घालायची. ह्याने खिडकीतून माईक बाहेर काढून ते न विचारता रेकॉर्ड केलं. मी त्याला झापलं. बाईमाणसाचा आवाज असा चोरायचा नसतो, आधी तिला विचारून ये. तो हेडफोन घेऊन तिच्याकडे गेला. ती ऐकत असताना मी माझ्या दारात उभी होते, आता ह्याला चपलेने मारते की काय ते बघायला.

ती म्हणाली, "मेल्या, ह्यां काय केलंस?"

"काकी, नको असेल तर पुसून टाकतो."

"पुसतंस कशाक? पण तू चुकीच्या दिवशी घेतलंस. त्या दिवशी माजो घसो बसलेलो. उद्या सकाळी ये. चांगलं देतंय."

दुसऱ्या दिवशी ती पत्र्याखाली खुर्ची टाकून बसली आणि कावळा नसताना अर्धा तास शिव्या दिल्या. गुडघ्यांनी बाई अधू होती, जिना उतरायला तिला नवऱ्याचा खांदा लागायचा, पण आवाज असा की कंपनीच्या भोंग्याने लाजावं. त्या टेपवर तिचं नाव यावं अशी तिची मागणी होती. म्हणून त्या टेपचं नाव 'काकी'.

चौथी 'तरीवर'. वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या तरीवर तो एक पूर्ण दिवस इकडून तिकडे करत बसला होता. तरवाल्याला वाटलं हा जीव द्यायला आला आहे. त्या टेपमध्ये बोटीचं इंजिन आणि मधूनमधून कोणीतरी खोकतं. मला झोप आली. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग बरोबर आहे."

ह्या टेपनंतर मढच्या बंगल्यांमध्ये शूटिंग करणाऱ्या एका कंपनीचा माणूस त्याला शोधत आला. कसा शोधला कोण जाणे. चांगले कपडे, अत्तर. त्याला ह्याचं संगीत सिनेमात हवं होतं. ह्याने त्याला मोजे काढायला लावले आणि म्हणाला, आधी एक मिनिट बसू. अर्ध्या मिनिटात त्या माणसाच्या खिशातला दुसरा फोन वाजला. पहिला त्याने डब्यात टाकला होता, दुसरा लपवला होता. हा उठला आणि दार उघडून उभा राहिला. मी खालून म्हटलं, "अरे वेड्या, सिनेमा आहे." तो म्हणाला, "मावशी, जो एक मिनिट खोटं बोलतो तो पुढे काय करील?" मला हे तेव्हा पटलं नाही, आताही पटत नाही. माणसाकडे दोन फोन असतात.

त्याच सुमारास शेजारणीच्या घरावर दुसरा माळा चढायला लागला. तिच्या मुलाचं लग्न झालं होतं, जागा पुरत नव्हती. खालची खोली त्यांनी एका दुकानदाराला गोदाम म्हणून दिली होती, वर ती आणि नवरा, आणि त्याच्यावर आता मुलगा-सून. नवा माळा लोखंडी चॅनेलच्या तुळईवर, आणि चॅनेलचं एक टोक आमच्या मधल्या भिंतीत. ती भिंत माझ्या सासऱ्यांनी घातलेली, एका माळ्यापुरती. मी तिला सांगितलं, भिंत एवढं वजन घेणार नाही. ती म्हणाली, माका शिकव नको. मी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. ते तिला कळलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी बोलायच्या बंद झालो. निरोप द्यायचा झाला तर ह्याच्याकडून. "काकींना सांग, तुमचं गटार तुंबलंय." "मावशीक सांग, माका डोळे आसत." तो निरोप शब्द न बदलता पोचवायचा, आवाजासकट.

एरवी भिंतीला चीर पडली की मला दिसली असती. खाली माझ्या बाजूला कपाट होतं आणि वर अंड्याचे ट्रे, त्यावर गोधड्या. पाहायला भिंत राहिलीच नव्हती.

पाचवी टेप 'वाळू'. ती नेटवर टाकली त्याच्या दुसऱ्या सकाळी तो हेडफोन घेऊन माझ्याकडे खाली आला. साडेनऊ झाले असतील. मी मेथी निवडत होते. म्हणाला, "मावशी, ही ऐक. राहू दे." स्वतःच्या कामाला "राहू दे" म्हणताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं.

मी ऐकली. ठोक्याच्या मागून एक बारीक सरसर येत होती. सुपात रवा फिरवावा तशी. थांबायची, मग टक, मग पुन्हा सरसर. सगळी टेप त्या आवाजावर उभी होती.

"हे कशाने वाजवलंस?"

"वाजवलं नाही. रिकाम्या मिनिटात मिळालं. मी फक्त मोठं केलं. काय सुंदर आहे ना?"

"कुठून मिळालं?"

"भिंतीतून."

"कुठल्या?"

"काकींच्या."

मी मेथी बाजूला ठेवली. त्याला म्हटलं, पहिल्या टेपचं मिनिट लाव. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. गाणी नको, फक्त मिनिटं, ओळीने, मोठ्याने. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मला शेवटी त्याचं काम कळायला लागलं.

पहिल्या मिनिटात लांबून येणारा रिक्षांचा आवाज होता, बाकी काही नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात एक टक. चौथ्यात तीन-चार, आणि शेवटी चिमूटभर काहीतरी घरंगळल्यासारखं. पाचव्यात थांबतच नव्हतं. मी हेडफोन काढला. बावीस वर्षं मी ह्याच आवाजाची वाट बघत प्रेसवर बसले होते.

"वर चल," मी म्हटलं. "गोधड्या काढ."

"मावशी, सेटअप आहे."

"काढ म्हणते ना."

त्याने गोधड्या काढल्या, मग ट्रे ओढले. खालच्या दोन ओळींच्या मागे पाटीभर वाळू साठली होती. वर, चॅनेल भिंतीत घुसलं होतं तिथून चीर निघाली होती. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. त्याने चीर पाहिली आणि खाली बसला. म्हणाला, "मी ह्याच्यावर गाणं केलं."

"नंतर रड. त्यांना खाली काढायचंय."

मी खाली येऊन आधी माझी पुराव्यांची पिशवी घेतली. आमच्यासारख्या वस्तीत प्रत्येक घरात अशी एक पिशवी असते. फोटोपास, रेशनकार्ड, जुनी लाइट बिलं. कधी बिल्डर आला, कधी नवी इमारत झाली, तर तुम्ही इथे राहत होता हे त्या पिशवीवरून ठरतं, तुमच्यावरून नाही. आग लागली तर लोक मुलं आणि पिशवी घेऊन पळतात. मी ती काखेत मारली आणि गल्लीतून शेजारणीला हाक मारली. सात महिन्यांनी पहिल्यांदा.

ती खिडकीत आली.

"भिंत चालली आहे," मी म्हटलं. "दोघं खाली या."

"आता अर्जान काय झाला नाय म्हणून ह्यां नाटक?"

"नाटक नाही. हात जातो आत."

"चाळीस वर्षां तुजी भिंत ऐकतंय मी. लाद्या बसायच्या दिवशीच पडता काय ती?"

त्या दिवशी दुपारी वरच्या माळ्यावर लाद्या बसवायला गवंडी येणार होते हे खरं होतं. मुलगा-सून सकाळीच कामावर गेली होती. माझ्याकडे तिला पटेल असं काही नव्हतं. अर्ज मी दिला होता, मग भिंतीबद्दल मी काहीही म्हटलं तरी ती ऐकणार नव्हती. ह्याने तेवढ्यात अग्निशमनवाल्यांना फोन केला होता, ते निघाले होते. तो लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन तिचा जिना चढला. मी म्हटलं, "तू नको जाऊस, खालून बोल." तो म्हणाला, "खालून नाही ऐकू येत."

खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काकी, एक मिनिट बसा."

"माजो आवाज आसा काय त्यात?"

"तुमचा नाही. तुमच्या घराचा आहे."

मग शांत झालं. मला खालून नुसता तिचा पंखा ऐकू येत होता. मग ह्याने तो बंद केला असावा, कारण तोही थांबला. मी गल्लीत उभी राहून त्या दोघांच्या नावाने मनात शिव्या घालत होते. घर पडायला आलंय आणि हा तिथेही मिनिट मोजतोय. पण तेच कामी आलं. ती माझ्याशी भांडली असती, त्याच्याशी भांडली असती, स्वतःच्या भिंतीशी भांडता येईना. ती म्हणाली, "ह्यांका उठव."

तिचा नवरा वसाहतीत रात्रपाळीचा वॉचमन होता, सकाळी येऊन झोपायचा. तो उठला, जिन्यापर्यंत आला. मी त्याला पाहिलं. बनियन, पट्ट्यापट्ट्याची चड्डी, डोळे अर्धे मिटलेले. माझ्या काखेतली पिशवी त्याने बघितली. ती बघितली नसती तर काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. तो म्हणाला, "तुमी हिका घेवन जावा, मी कागद घेतंय." आणि आत वळला. त्यांची पिशवी लोखंडी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात.

ह्याने लॅपटॉप तिथेच टाकला, शेजारणीला पाठीवर घेतलं आणि खाली आला. ती जड बाई. प्रत्येक पायरीला जिना हलत होता. तिला बसवून तो वळला आणि मी त्याचा शर्ट धरला.

किती वेळ धरला ते मला माहीत नाही. तो ओरडला, "काका, या ना." वरून उत्तर आलं, "मिळाली, मिळाली." मग चॅनेल भिंतीतून सुटलं. नवा माळा आधी खाली बसला, त्याच्याबरोबर त्यांची खोली आणि माझी वरची खोली. जिना उभाच्या उभा गल्लीत आडवा झाला. आम्ही तिघं धुळीने पांढरे झालो.

अग्निशमनवाल्यांनी शेजारणीच्या नवऱ्याला दीड तासाने काढलं. पिशवी हातात होती. कागद सगळे शाबूत होते.

शेजारणीचा मुलगा म्हणतो की आम्ही ट्रे ओढले म्हणून भिंत पडली. खिळे काढून भिंत पडत नाही, आणि शंभर खिळे ठोकताना मी नाही म्हटलं नाही, हेही खरं आहे. त्याने मला विचारलं तेव्हा मी दोन्ही सांगितलं.

तेराव्याला मी शेजारणीकडे गेले. ती मुलीच्या घरी होती. तिने मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "शर्ट कशाक धरलंस गो?"

मी म्हटलं, "तुझा नवरा पिशवीसाठी गेला. हा तुझ्या नवऱ्यासाठी जाणार होता. मग ह्याच्यासाठी मी गेले असते. कुठेतरी थांबायला पाहिजे होतं, मी तिथे थांबवलं."

 ती मुलीला म्हणाली, हिका चाय दी.

त्याने मात्र पंधरा दिवस माझा फोन उचलला नाही. आता तो घाटकोपरला वडिलांकडे राहतो आणि त्यांच्या पार्टीचं रेकॉर्डिंग करून देतो. सहावी टेप अर्धी झाली होती, ती लॅपटॉपबरोबर गेली. मुलं विचारतात, कुठे कॉपी असेल का. नाही. 'वाळू' त्याने नेटवरून काढून टाकली होती, पण तोवर लोकांनी उतरवून घेतली होती. ती मुलांकडे आहे. त्यांना ती सगळ्यात जास्त आवडते. मी त्यांना आवडू नये असं म्हणत नाही, चांगली आहे.

एकदा तो भेटायला आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "मावशी, तू सोडलं असतंस तर मी काकांना आणलं असतं."

"आणलं असतंस, किंवा नसतंस."

"तुला कधी वाटत नाही?"

"नाही," मी म्हटलं. मला विचारून कोणी पुन्हा त्या गल्लीत उभं केलं तरी मी पुन्हा धरीन, आणि ह्या वेळी शर्ट नाही, हात धरीन, शर्ट उसवतो.

त्याने मान हलवली. पटलं म्हणून की नाही, ते मी विचारलं नाही.

त्या सकाळी दोन घरांत मिळून आम्ही चार माणसं होतो. तिघं वाचलो. तो, शेजारीण आणि मी.